ऊर्जाकेंद्रांवरील अज्ञात ड्रोन : भय नको, जाग हवी

(मिरज येथे एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजचा विषय ऐकून काहींच्या मनात स्वाभाविक शंका आली असेल. मिरज हे सतारी-तंबोऱ्यांचे, रुग्णालयांचे आणि रेल्वे जंक्शनचे गाव. येथे अणुभट्टी नाही, तेलशुद्धीकरण कारखाना नाही. मग ऊर्जाकेंद्रांवर घिरट्या घालणाऱ्या अज्ञात ड्रोनची चर्चा येथे कशासाठी? ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर आपल्या घरातल्या विजेच्या बटणापाशीच मिळते. या शहरातील शस्त्रक्रियागृहातला दिवा, जंक्शनमधून विजेवर धावणारी गाडी, म्हैसाळ योजनेचे पंप, यांतले काहीच आपण मिरजेत निर्माण केलेल्या शक्तीवर चालत नाही. ती शक्ती दूरवरून, डोंगर ओलांडून, तारांवरून येते. एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरसाठी याच मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी निघाली, तेव्हा साऱ्या देशाने आपले कौतुक केले. पण त्या वाघिणी भरण्यासाठीही पंप लागले आणि पंपांना वीज लागली. राष्ट्राच्या शरीरात वीज ही रक्तासारखी वाहते. तिच्या नाडीवर कोणी अनोळखी माणूस बोट ठेवत असेल, तर तो कोण आणि कशासाठी, हे विचारण्याचा अधिकार मिरजकरालाही आहे.

जगात काय घडले?

प्रथम घटना पाहू, मग अनुमान काढू. पत्रकारितेत इतकी वर्षे काढल्यावर एवढी एक सवय अंगी मुरली आहे.

ऑक्टोबर २०१४. फ्रान्समधील विजेचा फार मोठा वाटा अणुऊर्जेतून येतो. तेथील सरकारी वीज कंपनीने जाहीर केले, की ५ ते २० ऑक्टोबर या काळात तिच्या सात अणुऊर्जा केंद्रांवर अज्ञात ड्रोन उडाले. अशा केंद्रांभोवती पाच किलोमीटर परिसरात आणि एक हजार मीटर उंचीपर्यंत उड्डाणास तेथे कायद्याने बंदी आहे. तरीही पुढचे काही आठवडे घिरट्या चालूच राहिल्या. कधी एकाच दिवशी परस्परांपासून दूर असलेल्या एकाहून अधिक केंद्रांवर ड्रोन दिसले. नोव्हेंबरच्या प्रारंभी एका केंद्राजवळ तिघांना पकडले, तर ते खेळण्यातले विमान उडवणारे हौशी निघाले. आधीच्या उड्डाणांशी त्यांचा संबंध जोडता आला नाही. अण्वस्त्रसज्ज असलेले, प्रबळ गुप्तचर यंत्रणा असलेले राष्ट्र. पण त्या उड्डाणांमागे कोण होते, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्याला जनतेपुढे ठेवता आले नाही.

सप्टेंबर २०१९. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील पालो वर्दे हे त्या देशातील सर्वात मोठ्या अणुऊर्जा केंद्रांपैकी एक. तेथे लागोपाठ दोन रात्री पाच-सहा ड्रोनचा थवा आला, फिरला आणि निघून गेला. ही बातमी जनतेला कळली ती पुढच्या वर्षी, माहितीच्या अधिकारासारख्या कायद्याखाली कागदपत्रे बाहेर आली तेव्हा. जानेवारी २०२२ मध्ये स्वीडनच्या अणुऊर्जा केंद्रांवर असेच ड्रोन दिसले आणि तपास तेथील सुरक्षा पोलिसांकडे गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेल्जियममधील डूल अणुऊर्जा केंद्रावर ड्रोन दिसल्याची नोंद झाली. त्याच आठवड्यात ब्रुसेल्सच्या विमानतळावरील वाहतूकही ड्रोनमुळे थांबवावी लागली होती.

या साऱ्या प्रकरणांत एक साम्य आहे. स्फोट झाला नाही, कोणी जखमी झाले नाही, बहुतेक वेळा कोणी सापडलेही नाही. मग हानी काय झाली, असे कोणी विचारील. हानी अशी, की ज्याने ते ड्रोन पाठवले त्याला काही गोष्टी कळल्या. पहारेकऱ्यांना ड्रोन किती वेळाने दिसतो, दिसल्यावर ते काय करतात, दिवे कोठे लागतात, गाडी कोठून निघते, हे त्याने पाहिले. चोर दिवसा भिक्षेकरी होऊन दारात येतो आणि कडी-कोयंडा पाहून जातो, तसा हा प्रकार. आणि कोणी केवळ गंमत म्हणून उडवला असेल, तर ज्याच्या मनात खरेच पाप आहे, त्याचे काम किती सोपे आहे हे त्या गमतीने जगाला दाखवून दिले.

घिरट्यांकडून घाताकडे

घिरट्यांच्या पुढची पायरीही जगाने पाहिली आहे. १४ सप्टेंबर २०१९ रोजी सौदी अरेबियातील अबकैक आणि खुरैस येथील तेलकेंद्रांवर ड्रोन आणि क्षेपणास्त्रे येऊन आदळली. दररोज सुमारे ५७ लाख बॅरल तेलाचे उत्पादन थांबले. जगाच्या एकूण पुरवठ्याचा सुमारे वीसावा हिस्सा एका पहाटेत बंद पडला. अब्जावधी रुपयांची हवाई संरक्षण यंत्रणा त्या देशाकडे होती, पण तिचे तोंड उंचावरून येणाऱ्या शत्रूकडे होते.

१७ जानेवारी २०२२ रोजी अबुधाबीत मुसाफ्फा येथे तेल कंपनीच्या आवारात इंधनाचे तीन टँकर ड्रोनहल्ल्यात पेटले. तिघांचा मृत्यू झाला. त्यांपैकी दोघे भारतीय होते. आखाती देशांत पोटापाण्यासाठी गेलेली माणसे आपल्या ओळखीत प्रत्येकाकडे असतील. तेव्हा हा विषय दूरदेशीचा आहे, असे मानून चालणार नाही.

युक्रेनच्या युद्धात तर ही मर्यादाही ओलांडली गेली. ७ एप्रिल २०२४ रोजी झापोरिझ्झिया अणुऊर्जा केंद्राच्या सहाव्या अणुभट्टीच्या घुमटावर ड्रोन आदळला. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी चेर्नोबिलच्या जुन्या, भग्न अणुभट्टीवर घातलेल्या संरक्षक आच्छादनाला ड्रोनने भोक पाडले. त्या युद्धात विजेची उपकेंद्रे हे तर नित्याचे लक्ष्य झाले आहे. आणि हे काम केवळ सैन्येच करतात असे नाही. जुलै २०२० मध्ये अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात एका वीज उपकेंद्राजवळ एक साधा, बाजारात मिळणारा ड्रोन पडलेला सापडला. त्याचा कॅमेरा काढून टाकला होता आणि त्याखाली दोऱ्यांनी तांब्याची तार लोंबती बांधली होती. तारांवर ती टाकून शॉर्टसर्किट घडवण्याचा बेत होता, असा तेथील तपास यंत्रणांचा निष्कर्ष होता. ड्रोन, दोरी आणि तार! यात शस्त्र म्हणावे असे काय आहे?

आपल्या देशापुरते बोलायचे, तर २७ जून २०२१ च्या पहाटे जम्मूच्या वायुदल तळावर ड्रोनने दोन स्फोटके टाकली. पाच-सहा मिनिटांच्या अंतराने दोन स्फोट झाले, दोन जवान किरकोळ जखमी झाले. भारतातील लष्करी तळावरचा तो पहिला ड्रोनहल्ला. पुढे ऑपरेशन सिंदूरच्या काळात, ८ आणि ९ मे २०२५ च्या दरम्यानच्या रात्री, पाकिस्तानने लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी सुमारे ३०० ते ४०० ड्रोन पाठवले. आपल्या सेनादलांनी तो हल्ला परतवला. त्या ड्रोनमागचा एक हेतू आपली हवाई संरक्षण व्यवस्था चाचपून पाहण्याचा असावा, असे आपल्या अधिकाऱ्यांनी तेव्हाच सांगितले होते. चाचपणी हा शब्द लक्षात ठेवा. फ्रान्समधील घिरट्या आणि सीमेवरील थवे यांना जोडणारा धागा तो आहे.

कोयनेकडे पाहू या

आता आपल्या उंबरठ्यावर येऊ. कोयना म्हणजे महाराष्ट्राची भाग्यलक्ष्मी, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. १०५ टीएमसीचा शिवाजीसागर, त्यातले साडेसदुसष्ट टीएमसी पाणी पश्चिमेकडे वळवून केलेली वीजनिर्मिती आणि चारही टप्पे व पायथा वीजगृह मिळून १,९६० मेगावॅटची स्थापित क्षमता. धरण सातारा जिल्ह्यात, मोठी वीजगृहे सह्याद्रीच्या पलीकडे पोफळी-अलोरे भागात. धरणातून पूर्वेकडे सोडलेले पाणी कृष्णेतून सांगली-मिरजेला येते. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचा आधार तेच पाणी.

या प्रकल्पाच्या पोटी एक विलक्षण आत्मविश्वास आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. पावणेदोनशेच्या वर माणसे दगावली, कोयनानगर उद्ध्वस्त झाले, धरणाच्या भिंतीला तडे गेले. पण धरण उभे राहिले. ज्यांनी ते बांधले आणि नंतर बळकट केले, त्या अभियंत्यांपुढे आजही मान लवते. पुढे १३ मार्च १९९९ रोजी त्याच जलाशयाच्या तळाला भोक पाडून चौथ्या टप्प्यासाठी लेक टॅपिंग करण्यात आले. आशियातील तो पहिलाच प्रयोग म्हणून गाजला.

अशा कोयनेला चार-पाच किलोचा ड्रोन काय करणार? प्रामाणिक उत्तर द्यायचे तर, धरणाच्या भिंतीला काहीही करू शकणार नाही. १०३ मीटर उंचीची ती भिंत आहे. मुख्य वीजगृहे डोंगराच्या पोटात, काळ्या बेसॉल्टमध्ये कोरलेली आहेत. बंधू-भगिनींनो, ‘एका ड्रोनने धरण फुटणार’ अशी भीती कोणी घालत असेल, तर त्याला थांबवा. ते अज्ञान आहे, आणि अज्ञानातून आलेली भीती शत्रूला फुकट मिळालेले शस्त्र असते.

परंतु वीज डोंगराच्या पोटात निर्माण झाली, तरी तेथेच राहून चालत नाही. तिला उघड्यावर यावे लागते. उघड्यावर आले, की स्विचयार्ड आहे, तेलाने भरलेले प्रचंड ट्रान्सफॉर्मर आहेत, चिनीमातीचे इन्सुलेटर आहेत, दऱ्याखोऱ्यांतून जाणारे मनोरे आहेत. खरे नाजूक ठिकाण ते. मोठा ट्रान्सफॉर्मर दुकानातून विकत आणता येत नाही. तो मागणी नोंदवून बनवावा लागतो, त्याला वर्ष-वर्ष लागते आणि घाटरस्त्याने तो आणणे हीच एक मोहीम असते. जे कोयनेला लागू, तेच सांगली-साताऱ्याच्या पठारांवरील पवनचक्क्यांच्या उपकेंद्रांना, तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राला आणि मुंबईच्या समुद्रातील तेलविहिरींना कमी-अधिक प्रमाणात लागू आहे. मुख्य वास्तू भक्कम, पण तिला जगाशी जोडणारी शिर उघडी.

वीज गेली तर काय होते, हे मुंबईने १२ ऑक्टोबर २०२० रोजी अनुभवले. लोकलगाड्या थांबल्या, कोरोनाच्या काळात रुग्णालये जनरेटरवर आली. पुढे मार्च २०२१ मध्ये राज्य सरकारने त्यामागे सायबर घातपाताची शक्यता वर्तवली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी कारण मानवी चूक असल्याचे सांगितले. मी येथे कोणाची बाजू घेत नाही. एवढेच लक्षात आणून देतो, की घटना घडून गेल्यावर पाच महिन्यांनीही दोन सरकारे दोन उत्तरे देत होती. अज्ञात गोष्ट अज्ञातच राहिली, तर समाजाच्या मनात अशी फट पडते.

कायदा आहे, पण डोळे कोठे आहेत?

भारतात याविषयी कायदा नाही, असे नव्हे. २५ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र सरकारने ड्रोन नियम अधिसूचित केले. त्यांत वजनानुसार वर्ग केले : २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, दोन किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत लहान आणि त्यापुढे मध्यम व मोठे. आकाशाचे हिरवा, पिवळा आणि लाल असे विभाग केले. हिरव्या विभागात ४०० फुटांपर्यंत मोकळीक. लाल विभागात मात्र केंद्र सरकारच्या अनुमतीवाचून उड्डाण करता येत नाही. महत्त्वाच्या आस्थापना या लाल विभागात येतात. गरज पडल्यास पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी एखादा परिसर ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल विभाग घोषित करू शकतो. प्रत्येक ड्रोनला नोंदणी क्रमांक हवा. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्या नियमांत केली.

कागदावर हे उत्तम आहे. पण नोंदणी प्रामाणिक माणूस करतो. ज्याला घात करायचा आहे, तो सुटे भाग जोडून घरीच ड्रोन बनवतो. त्याला दंडाची भीती कसली?

तंत्रज्ञानाचीही मर्यादा समजून घेतली पाहिजे. छोटा ड्रोन रडारवर पक्ष्यासारखा दिसतो. रेडिओ लहरी अडवणारा जॅमर लावला, तर हाताने चालवला जाणारा ड्रोन भरकटतो. पण ज्याच्यात आधीच मार्ग भरून ठेवला आहे, तो कोणाच्या आज्ञेची वाट पाहत नाही. युक्रेनमध्ये तर केसाइतक्या बारीक काचतंतूची तार मागे सोडत जाणारे ड्रोन निघाले, त्यांना जॅमर शिवतही नाही. आणि बंदुकीने पाडावा, तर गोळी आणि तो ड्रोन दोन्ही कोणाच्या तरी अंगणात पडणार.

तरीही निराश होण्याचे कारण नाही. डीआरडीओने ड्रोनचा वेध घेऊन तो निष्प्रभ करणारी यंत्रणा तयार केली आणि भारत इलेक्ट्रॉनिक्सने तिचे उत्पादन केले. नागपूरच्या सोलार समूहाने बनवलेल्या ‘भार्गवास्त्र’ या ड्रोनविरोधी यंत्रणेची चाचणी १३ मे २०२५ रोजी ओडिशातील गोपालपूर येथे झाली. मुंबईच्या आयआयटीत शिकलेल्या तरुणांनी उभी केलेली आयडियाफोर्ज ही कंपनी आपल्या सेनादलांना ड्रोन पुरवते. महाराष्ट्राच्या मातीत हे सामर्थ्य आहे. प्रश्न एवढाच, की ही साधने सीमेवर आणि राजधानीत दिसतात. सह्याद्रीच्या कुशीतल्या उपकेंद्रावर रात्री दोन वाजता पहारा देणाऱ्या कंत्राटी सुरक्षारक्षकाच्या हाती काय आहे? एक काठी, एक शिट्टी आणि एक मोबाइल. ड्रोन दिसला तर फोन कोणाला करायचा, हे तरी त्याला कोणी शिकवले आहे काय?

रात्रीचा दिवा आणि दिवसाची अफवा

येथवर मी बाहेरच्या धोक्याविषयी बोललो. आता आतल्या धोक्याविषयी बोलतो, आणि ते बोलणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

२०२४ च्या जून-जुलैमध्ये पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, बीड आणि जालना जिल्ह्यांत रात्री आकाशात ड्रोन फिरताना दिसू लागले. कोणी म्हणे चोर टेहळणी करतात, कोणी म्हणे आणखी काही. गावोगाव लोक रात्र-रात्र जागले. काठ्या घेऊन गस्ती निघाल्या. हा विषय विधिमंडळातही निघाला. त्यातले किती ड्रोन खरे होते, किती विमानांचे दिवे होते आणि किती नुसतेच व्हॉट्सॲपवर उडाले, याचा निवाडा करणे सोपे नव्हते.

अमेरिकेतही हेच घडले. २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये न्यू जर्सी राज्यात गूढ ड्रोनची लाट आली. तपास यंत्रणेकडे पाच हजारांहून अधिक सूचना आल्या. त्यांतल्या सुमारे शंभरच पुढे तपासण्याजोग्या ठरल्या. बाकीच्यांत नेहमीची विमाने होती, हेलिकॉप्टर होती, परवानगीचे ड्रोन होते, काही ठिकाणी तर आकाशातले तारे होते. इंग्लंडमध्ये डिसेंबर २०१८ मध्ये गॅटविक विमानतळ ड्रोनच्या संशयावरून बंद पडला, सुमारे एक लाख चाळीस हजार प्रवासी खोळंबले. पोलिसांनी एका दांपत्याला उचलले, वृत्तपत्रांनी त्यांची नावे आणि चेहरे छापले, आणि ते दोघे निर्दोष निघाले. खरा गुन्हेगार सापडला नाहीच. पोलिसांना त्या दांपत्याला भरपाई द्यावी लागली. माझ्या व्यवसायातल्या प्रत्येकाने ही गोष्ट टेबलावर लिहून ठेवावी, अशी आहे.

मित्रहो, तेथे बदनामीवर निभावले. आपल्याकडे काय होते? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते भिक्षुकीवर जगणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे बांधव होते. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक यांची जमावाने हत्या केली, ती अफवांच्याच वातावरणात. आणि आपल्याच सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातील लवंगा येथे, सप्टेंबर २०२२ मध्ये देवदर्शनासाठी निघालेल्या उत्तर प्रदेशातील चार साधूंना वाट विचारताना मुले पळवणारे समजून पट्ट्यांनी-काठ्यांनी मारहाण झाली. ज्यांच्या पायावर आपण डोके ठेवतो, त्यांच्याच पाठीवर वळ उठले. हे कोणा परकीय शत्रूने केले नाही. घाबरलेल्या, भडकलेल्या, पण अन्यथा सज्जन अशा माणसांनी ते केले.

उद्या कोयनेच्या परिसरात किंवा म्हैसाळच्या पंपगृहाजवळ रात्री एखादा दिवा तरंगताना दिसला आणि त्याच रात्री रस्त्यावरून एखादा अनोळखी प्रवासी गेला, तर काय होईल? ड्रोन पाठवणाऱ्याला एक रुपयाचाही बॉम्ब टाकावा लागणार नाही. आपणच आपल्या माणसाचे रक्त सांडू. शत्रूला समाज फोडायचा असतो. तो फुटला, तर ट्रान्सफॉर्मर शाबूत राहून उपयोग काय?

आणखी एक लक्षात घ्या. आकाशात उडणारा प्रत्येक ड्रोन आज संशयास्पद मानता येणार नाही. उसावर औषध फवारणारे ड्रोन आले आहेत. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत देशातील १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला. स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने झाली. वीजवाहिन्यांच्या मनोऱ्यांची पाहणीही ड्रोनने होऊ लागली आहे. लग्नाचे चित्रण तर विचारूच नका. २०१९ च्या महापुरात बुडालेल्या सांगलीची आकाशातून टिपलेली दृश्ये आपण सर्वांनी पाहिली. तंत्र हे सुरीसारखे असते. भाजी चिरणाऱ्या बहिणीच्या हातून सुरी काढून घेणे, हा चोरीवरचा उपाय होत नाही.

हिरकणी, बहिर्जी आणि आपण

मग करायचे काय? आपल्या इतिहासात याचे उत्तर आहे.

हिरकणीची आख्यायिका लहान मुलालाही ठाऊक असते. रायगडाचे दरवाजे बंद झाले, पण तान्ह्या बाळाच्या ओढीने ती गवळण रात्री कडा उतरून गेली. आपण ती गोष्ट मातृप्रेमाची म्हणून सांगतो. राज्यकर्त्याच्या नजरेने ती पुन्हा वाचा. ज्या गडावरून दरवाजे बंद झाल्यावर जायला-यायला वाट नाही, असा विश्वास होता, तेथून एक निःशस्त्र स्त्री उतरून गेली. महाराजांनी काय केले? पहारेकऱ्यांनी तिला आधीच अडवले नाही, म्हणून गोष्ट दडपली नाही. तिला दंड केला नाही, तिचा सन्मान केला. आणि ती उतरली कोठून, हे पाहून त्या जागी बुरूज बांधला. आख्यायिकेतील शहाणपण ते हेच : फट दिसली, की जो दाखवतो त्याचा सत्कार करा आणि फट बुजवा.

आपल्या यंत्रणांनी हा धडा घ्यावा. ड्रोन दिसल्याची प्रत्येक नोंद ही एक हिरकणी आहे. ‘वरिष्ठांना कळवले तर आपल्यावरच चौकशी येईल’ या भीतीने पहारेकरी गप्प बसत असेल, तर बुरूज कधी बांधला जाणार? म्हणून पहिली अपेक्षा शासनाकडून. प्रत्येक महत्त्वाच्या वीजकेंद्रावर ड्रोननोंदीची वही असावी आणि प्रत्येक नोंदीचा शेवट उत्तराने व्हावा : हा सर्वेक्षणाचा होता, हा लग्नाचा होता, हा सापडला नाही. जे सांगण्याजोगे आहे, ते जनतेला सांगावे. गोपनीयता पहाऱ्याच्या योजनेची असावी. घटना घडल्याचीच गोपनीयता ठेवली, की तिच्या जागी अफवा येऊन बसते. दुसरे, सर्वेक्षण किंवा फवारणी असेल, तर आदल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावे, गावात दवंडी द्यावी. एका दवंडीने शंभर शंका मिटतात. तिसरे, महत्त्वाच्या ट्रान्सफॉर्मरचे पर्याय आणि सुटे भाग आधीच हाताशी ठेवावेत. घाव कदाचित चुकवता येणार नाही, पण घावानंतर चार दिवसांत उभे राहता आले, तर घाव घालणाऱ्याचा हेतूच फसतो.

आता आपल्याकडे वळू. स्वराज्याचे नजरबाज बहिर्जी नाईक यांची समाधी आपल्याच सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातील बाणूरगडावर आहे. येथील तरुणांनी तेथे अवश्य जावे. बहिर्जींचे मोठेपण कशात होते? ते पाहत, पारखत आणि योग्य त्या एकाच कानावर घालत. बाजारात ओरडत फिरणारा हेर कोणी ऐकला आहे? पाहिलेले पडताळल्याशिवाय सांगायचे नाही आणि सांगायचे ते ज्याला सांगायला हवे त्यालाच, हे नजरबाजाचे व्रत. आज आपल्या प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. त्यामुळे प्रत्येक जण बहिर्जी होऊ शकतो, आणि प्रत्येक जण आगलाव्याही होऊ शकतो.

तेव्हा संवेदनशील ठिकाणाजवळ आकाशात काही संशयास्पद दिसले, तर घड्याळ पाहा. दिशा, अंदाजे उंची, आवाज येतो की नाही, दिवा स्थिर आहे की लुकलुकतो, कोठून आला आणि कोठे गेला, हे कागदावर लिहा. शक्य असेल तर चित्रण करा. मग ११२ वर किंवा पोलीस ठाण्यात कळवा. ते चित्रण गटागटांत पाठवू नका. दगड मारू नका, गोळी झाडू नका. पडलेला ड्रोन सापडला तर हात लावू नका, मुलांना दूर ठेवा. अनोळखी माणूस दिसला तर त्याला विचारा, पाणी द्या, पोलिसांना कळवा. अंगाला हात लावू नका. ज्या गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा सुरू आहे, तेथे एका फोनवर साऱ्या गावाला एकाच वेळी सूचना जाते. तिच्यात आपला क्रमांक नोंदवा, आणि तिचा उपयोग धावा करण्यासाठी होतो तसा अफवा विझवण्यासाठीही करा. आपल्या कार्यकर्त्यांनी तर आणखी एक काम अंगावर घ्यावे. घरातला जो तरुण ड्रोन उडवतो, त्याला नियम समजावून सांगावेत. धरणाचे दरवाजे उघडल्याचे सुंदर दृश्य टिपण्याच्या मोहापायी तो पहारेकऱ्यांचे डोळे थकवतो आहे. शंभर हौशी ड्रोन पाहून डोळे सरावले, की एकशे एकावा निसटतो.

१७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात एका विमानाने आकाशातून शस्त्रास्त्रे टाकली होती, हे आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल. सकाळी ती शस्त्रे प्रथम पाहिली ती तेथल्या ग्रामस्थांनी. रडार असो वा उपग्रह, शेवटी कोठे तरी एक सामान्य माणूस प्रथम पाहतो. तो शांत आहे की घाबरलेला, जबाबदार आहे की उतावीळ, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी दुर्गांविषयी सविस्तर लिहिले, त्यात तटबंदीइतकीच काळजी गडावरच्या माणसांच्या निवडीची केली आहे. आजची वीजकेंद्रे हे आपले दुर्ग आहेत. त्यांचे तट शासनाने बांधावेत, त्यासाठी आपण आग्रह धरू, प्रश्न विचारू, पाठपुरावा करू. पण त्या तटाबाहेरचे घेरे आणि माच्या म्हणजे आपली गावे आहेत. तेथील गस्त ही आपली जबाबदारी आहे. ती सावध असावी, संघटित असावी आणि निष्पाप माणसाला तिच्यापासून भय नसावे.